उरलंसुरलं

टाकीतलं शेवाळ गेलं तर सगळ्यात जास्त फायदा छोटूचा, हे ताईनं आधीच ताडलं होतं. बायकोची कटकट थांबेल. आईचे टोमणे थांबतील. आणि दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना काचा घासून देणाऱ्या माणसाच्या घरी आरपार न दिसणारी हिरवी काच, हा जो गल्लीभर विनोद झाला होता, तोही संपेल. छोटूची पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचं शेत कधीच कापून झालं होतं, पण घरात तो अजून छोटूच होता. विनोद त्याला लागायचा.

फायदा ताईचाही होताच. रविवारी ती माहेरी आली की आई टाकीवरून छोटूला धरायची, छोटूवरून भावजयीला आणि भावजयीवरून ताईला. टाकीच स्वच्छ झाली तर गाडी सुरूच होणार नाही आणि निदान चहा गरम असताना पिता येईल, एवढा साधा हिशेब. कोणाला काय मिळतंय आणि कोणाचं काय जातंय हे बघणं ताईचं पोटापाण्याचंच काम होतं. विमा कंपनीत ती नुकसानीची पाहणी करायची. जळकी गोदामं, पाणी शिरलेली दुकानं. जे गेलंच नाही तेही गेलं म्हणून सांगणारे लोक तिनं ढीगभर पाहिले होते. गेलंय आणि कोणी सांगतच नाही, असं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

आई म्हणजे मेट्रन. इस्पितळातून निवृत्त होऊन जमाना झाला तरी गल्ली तिला मेट्रनच म्हणायची, आणि तीही गल्लीला वॉर्डच समजायची. जिभेला हाड नाही म्हणतात. आईनं त्या बिनहाडाच्या जिभेनं भल्याभल्यांची हाडं मोडली होती. तिची खुर्ची खिडकीशी, हाताशी वर्तमानपत्र, आणि कोपराला लागून बुटक्या कपाटावर ठेवलेली छोटूची माशांची टाकी. दुपारचं ऊन थेट टाकीवर पडायचं. उन्हानं शेवाळ धरायचं.

“मासे पाळलेस की पालकाचं सूप उकळायला ठेवलंस?” आई विचारायची.

“ऊन लागतं ना आई टाकीला, म्हणून होतं.”

“मग टाकी हलव.”

“तूच म्हणतेस ना, माझ्या जवळून हलवायची नाही म्हणून?”

“मग खिडकी हलव. सगळं मीच सांगायचं का?”

पडदा लावायची सोय नव्हती, कारण पेपर वाचायला उजेड लागायचा. टाकी हलवायची सोय नव्हती, कारण मासे आवडत नाहीत असं म्हणत म्हणत आई सकाळपासून त्यांच्याकडेच बघत बसायची. एक नारिंगी, जाडा, सुस्त मासा होता. “हा छोटूवर गेलाय,” ती म्हणायची, आणि दुसऱ्या कोणी त्याला नाव ठेवलं तर तिला खपायचं नाही.

छोटूनं सगळं करून पाहिलं. काच घासली, पाणी बदललं, बाटलीतलं औषध टाकलं. आठवडा गेला की टाकी पुन्हा हिरवी. शेवटी तो एका दुकानातून ओल्या कागदात गुंडाळलेल्या जिवंत पाणवनस्पती घेऊन आला आणि पुढच्या रविवारी ताईला धरून बसवून त्यानं सगळं शास्त्र समजावलं.

“हे बघ ताई. शेवाळ जगतं कशावर? उरल्यासुरल्यावर. माशांची घाण, त्यांनी न खाल्लेलं खाणं, जास्तीचा उजेड. आता तेच जर झाडांनी आधी खाऊन टाकलं, तर शेवाळाला राहिलं काय? उपाशी मरतं बिचारं. मारायचं नाही, घासायचं नाही. फक्त त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा.”

“तुझ्या बहिणीला हे नवीन नाही,” आई पेपराआडून म्हणाली. “तुझ्या तोंडचा घास काढूनच मोठी झालीय ती.”

टाकीत लांब पट्ट्यांसारखी पानं होती, पिसांसारखी एक झुपकेदार वनस्पती होती, आणि कडेला एक बारीक फांदी. काळपट हिरवी, पानं नखाएवढी.

“ही कोणती?”

“काय माहीत. दुकानदारानं वर फुकट दिली.”

फुकट या शब्दावर ताईच्या भुवया कामाच्या सवयीनं वर गेल्या. पण फांदीच ती, तिच्यावर कसली हरकत घेणार.

पुढच्या खेपेला ताईला यायला उशीर झाला. सकाळीच लेकीशी वाजलं होतं. कॉलेजात जाणारी पोर आणि ताई, दोघींचं भांडण म्हणजे घरातल्या पंख्यासारखं. चालू असलं की कोणाच्या लक्षातही यायचं नाही. उशिरावर आई काय बोलेल हे ताईला ठाऊक होतं, म्हणून बसमध्ये तिनं दोन कडक उत्तरं तयार केली होती.

आईनं वर पाहिलं. “आलीस? बस.”

एवढंच. ताई दोन्ही उत्तरं तोंडात धरून बसली.

टाकी बघण्यासारखी झाली होती, हे तिला मान्य करावं लागलं. काचेवर ठिपका नाही. पाणी इतकं नितळ की मासे हवेत टांगल्यासारखे दिसत होते. ती काळपट फांदी आता कोपऱ्यात वीतभर झुडूप झाली होती आणि खिडकीकडे न वळता, उजेडाकडे पाठ करून, खुर्चीच्या बाजूला वाढली होती.

“चहा घे,” भावजय म्हणाली. ती घरीच कपडे शिवून द्यायची. गळ्यात टेप लटकलेली. तिचा आवाज सुटीवर आल्यासारखा मोकळा होता. “आई किती शांत झाल्यात, पाहिलंत ना? मी कॉलर उलटी लावली परवा. बघितली आणि काही म्हणाल्या नाहीत.”

“काही म्हणाली नाही?”

“नाही ना.”

चहा गरमच प्यायला मिळाला. ताईला तो गोड लागला नाही.

घरी जाताना तिला राग आला होता आणि कशाचा आला हे सांगायची लाज वाटत होती. बोलणी खाल्ली नाहीत म्हणून कोणी रागावतं का? पण आपण उशिरा यायचं आणि आईनं त्याची दखलही घ्यायची नाही, म्हणजे काय? आपण आलो काय, न आलो काय, सारखंच?

मग दर रविवारी काही ना काही कमी होत गेलं. आईनं जावयाला नावं ठेवणं सोडलं. शेजारीण पातेलं परत करत नाही हे सोडलं. आपल्याला डावलून दुसरीलाच आधी बढती दिली, हे चाळीस वर्षं रोज सकाळी ताजं करून वाढायची, तेही सोडलं. आनंदानं सोडलं असतं तर ताईनं पेढे नसते तरी साखर वाटली असती. तसं नव्हतं. तिनं क्षमा केली नव्हती. ते विषयच तिच्या अंगावरून पुसल्यासारखे गेले होते.

ताईनं हट्टानं डॉक्टरकडे नेलं. आईनं वार सांगितला, तारीख सांगितली, नातवंडांची नावं, स्वतःच्या वॉर्डातल्या खाटांची रचना, सगळं घडाघडा सांगितलं. डॉक्टर खूश.

“रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे यांचा. अडचण काय आहे?”

“भांडत नाही,” ताई म्हणाली.

डॉक्टर हसले. “माझ्या घरी पाठवा काही दिवस.”

ताईला त्यांचा इतका संताप आला की छत्री तिथेच विसरली.

त्यानंतरच्या रविवारी टाकीत मासे नव्हते. पट्ट्यांची पानं आणि पिसांचा झुपकाही नव्हता. फक्त ते काळपट झुडूप, काठापर्यंत गच्च.

“मासे कुठायत?”

“परत दिले दुकानात,” छोटू म्हणाला. “खाईनात गं. खात नव्हते, घाण करत नव्हते, नुसते एका जागी उभे. रंगही उतरला होता. तो जाडा तर काचेसारखा झाला होता, मागचं झाड दिसायचं त्याच्यातून.”

“आणि आई काय म्हणाली?”

“काही नाही.”

ताई खुर्चीकडे वळली. “आई, तुझा नारिंगी गेला.”

“हो,” आई म्हणाली. “परवा गेला.” आणि तिनं पेपराचं पान उलटलं. वाचून उलटलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला पान होतं म्हणून उलटलं.

ताईनं आवाज चढवला. “छोटू, मासे नाहीत. म्हणजे घाण नाही, उरलेलं खाणं नाही. तूच शास्त्र सांगितलंस ना मला? मग हे वाढतंय कशावर?”

“उजेडावर.”

“उजेडाकडे पाठ आहे त्याची.”

छोटूनं काचेकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि बायको चहा करतेय का ते बघायला उठून गेला. हा त्याचा लहानपणापासूनचा मार्ग होता.

ताई वाकून बघायला लागली. झुडपाची मुळं वाळूत नव्हतीच. केसांसारखी पांढरी, बारीक मुळं काचेच्या काठावरून बाहेर आली होती आणि कपाटाच्या लाकडावरून सरकत खुर्चीच्या हातापर्यंत पोचली होती. आईचं कोपर तिथंच टेकलेलं होतं. ताईनं आईचा हात उचलला. मुळं कातडीला चिकटली नव्हती, रुतली नव्हती, काहीच नाही. फक्त तिथं, जवळ, होती. आईचा हात उन्हात असूनही गार होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ताई त्या दुकानात गेली. दुकानदाराला छोटू आठवत होता, पट्ट्यांची पानं आठवत होती, पिसंही आठवत होती.

“आणि वर फुकट दिलेली?”

“फुकट?” तो दुखावल्यासारखा झाला. “बाई, मी फुकट शेवाळसुद्धा देत नाही.”

ताई आईला स्वतःच्या घरी घेऊन आली. जावयाच्या दारात पाय ठेवणार नाही अशी आईची जुनी प्रतिज्ञा होती. कशावरून, हे फक्त तिलाच माहीत होतं. “चल” म्हटल्याबरोबर ती उठली आणि चपला घालून उभी राहिली. ताईला त्या चपला बघवेनात.

टाकीपासून लांब नेलं की आई परत येईल, असा हिशेब होता. ती आली नाही. जिथे बसवली तिथे बसली. जे वाढलं ते जेवली. जावयानं मुद्दाम तिच्यासमोर ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि आशेनं वाट पाहिली. “अगं, निदान मला मूर्ख तरी म्हणायला सांग तिला,” तो स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला. या माणसानं सासूच्या तोंडून उभ्या जन्मात एक चांगला शब्द ऐकला नव्हता, आणि त्याचे डोळे भरले होते.

काही दिवसांनी ताई आईला परत घेऊन गेली. त्या दिवशी ती भांडायलाच गेली होती.

दुपार होती. खिडकी उघडी, ऊन लख्ख. आतल्या खोलीत भावजयीचं मशीन खडखडत होतं. छोटू बाह्या सरसावून टाकीवर वाकला होता आणि कात्रीनं झुडूप छाटत होता. पायाशी बादली, बादलीत ओला हिरवा ढीग. आईला ताईनं मुद्दाम दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. ती जरा वेळ बसली, मग उठली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. कोपर जागेवर ठेवलं.

ताईनं त्या घरात कोणी कधी न उच्चारलेली गोष्ट बाहेर काढली.

“आई, बाबा गेले तेव्हा तू कुठे होतीस?”

छोटूची कात्री थांबली. “ताई, नको.”

“घरी तुझ्यावाचून गेले ते. पाणी मागत गेले. आणि तू परक्यांच्या उशाशी बसली होतीस. निरोप आला तरी उठली नाहीस. माणूस तूच घालवलास आमचा.”

मशीनही थांबलं. अशा बोलण्यावर जुन्या आईनं कानाखाली आवाज काढला असता. नाहीतर उठून मोरीत गेली असती आणि नळ सोडून रडली असती. ताईला दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

आईनं विचार केला. प्रश्न नीट समजून घेऊन विचार केला.

“असेल,” ती म्हणाली.

छोटू पुन्हा छाटायला लागला. बहुधा हातांना काहीतरी हवं होतं म्हणून. एक ओली फांदी बादलीत पडली, आणि ताईच्या नाकाला वास आला. पाण्याचा नव्हे, शेवाळाचाही नव्हे. फिनेल, कांजी केलेलं पांढरं सुती कापड, आणि त्याखाली अगदी बारीक, ड्यूटीवरून आलेल्या आईच्या मानेचा घामट वास. लहानपणी तापात तिला बिलगल्यावर यायचा तो.

“कापलेलं कुठे टाकतोस?” तिनं विचारलं.

“हे? कचऱ्याच्या गाडीत.”

“दर वेळी?”

“दर आठवड्याला छाटावंच लागतं. तीच तर युक्ती आहे ना.” छोटूचा आवाज त्या मूळच्या उत्साहात शिरू बघत होता. “झाड घाण खातं, म्हणजे घाण झाडात जाते. ती छाटून बाहेर फेकली, की कायमची गेली घरातून.”

ताईला डोळ्यांसमोर शहराबाहेरची कचऱ्याची टेकडी दिसली. एका आगीच्या पाहणीला ती तिथे गेली होती. वरून धूर निघणारी, खालून चिखल झालेली. तिथे काय शोधायचं असतं, कोणी सांगावं.

तिनं बादलीतला ढीग दोन्ही हातांनी उचलून आईच्या मांडीवर ठेवला. पाणी ओघळलं. आईनं ओल्या पदराकडे पाहिलं आणि एक फांदी उचलून बाजूला ठेवली, चुकून दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आल्यासारखी.

“तुम्ही सगळ्यांनी मिळून केलंत हे,” ताई म्हणाली. “छोटू, तुला काच स्वच्छ हवी होती. हिला कॉलर उलटी लावायची होती. माझ्या आईला उरलंसुरलं समजलात.”

“ताई,” भावजय दारातून म्हणाली, “चहा गरम प्यायला तुम्हालाही मिळालाच की.”

ताईनं कोपरापर्यंत दोन्ही हात टाकीत घातले.

पाणी कोमट होतं.

झुडूप मुळापासून उपटायचं, एवढंच तिच्या मनात होतं. खोड हाताला लागलं. ते मऊ होतं. तिनं ते घट्ट धरलं.

बारीक मुळं तिच्या मनगटांभोवती आली. गुंडाळली नाहीत. नुसती जवळ आली.

तिनं ओढलं. जरासं निघाल्यासारखं वाटलं. पुन्हा ओढायला हवं होतं.

आपण रागावलोय, हे तिला आठवत होतं. कशावरून, तेही. बाबा, मासा, चपला, कचऱ्याची गाडी. सगळी कारणं नीट, एकापुढे एक. फक्त त्यांना वजन नव्हतं.

ती तशीच उभी राहिली.

छोटूनं विचारलं, “ताई, काढू का मी?”

“कशाला?” ताई म्हणाली. “छान वाढलंय.”

तिनं हात बाहेर काढले. भावजयीनं टॉवेल दिला. मांडीवरचा ढीग छोटूनं बादलीत भरला. चहा आला आणि सगळ्यांनी तो गरम असताना घेतला.

आता नफ्यातोट्याचं बघायचं तर, छोटूची काच आरपार दिसते. लोक रस्त्यावरून थांबून बघतात. भावजयीकडे शिवायला कपडे जास्त येतात, कारण घरात कोणी गिऱ्हाइकाला टाकून बोलत नाही. आईला झोप चांगली लागते. ताईचे रविवार शांत जातात. ती उशिरा गेली काय, लवकर गेली काय, तिची खुर्ची आईच्या खुर्चीशेजारी टाकलेली असते. ऑफिसात तिच्या पाहण्या झटपट होतात. लोक सांगतात तेवढं नुकसान ती लिहून घेते. तिच्या घरात आवाज चढत नाहीत. नवरा सुरुवातीला बोलून बघायचा, आता तोही सवयीनं गप्प असतो. प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडलं, आणि काही गेलं असं कोणी म्हणालं नाही.

किंमत भरली ती लेकीनं. ती हल्ली मुद्दाम उशिरा येते. बूट वाटेत टाकते, ताट उष्टं ठेवते, दार आपटते आणि आतून कानोसा घेते. ताई बूट उचलून जागेवर ठेवते, ताट धुते. परवा पोर स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभी होती. “आई,” ती म्हणाली, “भांड ना माझ्याशी.” ताईनं विचारलं, “कशावरून?” पोरीनं कारणं सांगितली, एकेक, खरी खरी. ताईनं सगळी ऐकून घेतली आणि भाजी ढवळली.

मग पोर आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून बारीक आवाजात बोलणी ऐकू यायला लागली. ही काय यायची वेळ झाली, बूट काय तुझा बाप उचलणार, उद्यापासून घरातच बसायचं. पोर स्वतःलाच रागावत होती. थांबून थांबून, ताईच्या आवाजात. नक्कल चांगली होती, असं ताईला वाटलं.